चूक दिसली होती, मग बोललो का नाही?



आजची गोष्ट आमच्याच गटातल्या एका मुलीची आहे. नाव सांगत नाही, कारण तशी तिची अट आहे. मलकापुरात ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या एका केंद्रावर ती कॉम्प्युटरवर बसते. मागे एकदा बायकांच्या एका योजनेचे अर्ज भरायचं काम आलं. सकाळपासून रांग. खेड्यापाड्यांतून बाया मजुरी बुडवून यायच्या, दोन दोन तास उन्हात उभ्या राहायच्या. अर्ज भरला जायचा आणि चार दिवसांनी नामंजूर होऊन परत यायचा. मग पुन्हा रांग, पुन्हा मजुरी बुडाली.

केंद्रावरचे सर म्हणायचे, "सर्व्हरचा प्रॉब्लेम आहे." सगळे मान डोलवायचे.

या मुलीला मात्र दुसऱ्याच दिवशी खरं कारण दिसलं होतं. परत आलेल्या अर्जांत बहुतेक बायांच्या आधार कार्डावर माहेरचं आडनाव होतं आणि बँकेच्या पासबुकात सासरचं. काहींचं आडनाव एका कागदावर आधी होतं, दुसऱ्यावर शेवटी. मशीन दोन्ही नावं जुळवायला जायचं, ती जुळायची नाहीत. तिला हे लगेच कळलं, कारण तिच्या स्वतःच्या लग्नानंतर तिच्याही कागदांचा असाच घोळ झाला होता. सरांच्या नावाचा असा घोळ कधी होणारच नव्हता. त्यांचं आडनाव जन्मापासून एकच आहे.

तरी ती आठ दिवस गप्प बसली. का, असं आम्ही विचारलं तर म्हणाली, "मले वाटलं, सरले माहीत असंल."

त्या आठ दिवसांत किती बायांची मजुरी बुडाली असेल, याचा हिशेब कुणी ठेवला नाही. तो हिशेब तिच्या मनाला लागला, म्हणून ही गोष्ट तिने आम्हाला सांगितली. आणि ती सांगत असताना आम्ही सगळ्या एकमेकींकडे बघत होतो. आमच्यात अंगणवाडी सेविका आहेत, बचत गटाचे हिशेब मोबाईलवर ठेवणाऱ्या आहेत, इंजिनिअरिंगला शिकणाऱ्या मुली आहेत. प्रत्येकीकडे अशी एक गोष्ट निघाली. चूक दिसली होती, पण तोंड उघडलं नव्हतं.

धीर आधी येतो की नंतर?

आपला जिल्हा जिजाऊंचा. दर १२ जानेवारीला सिंदखेडराजाला गर्दी लोटते, मुली नऊवारी नेसून घोड्यावर बसतात. पण दुसऱ्या दिवशी त्याच मुलीने वर्गात किंवा ऑफिसात सरांना "हे चुकलंय" म्हटलं, तर "फार शहाणी झाली" हे ऐकावं लागतं. आणि कॉम्प्युटर, मशीन, सॉफ्टवेअर असा विषय असेल, तर त्यात आणखी एक वाक्य येतं: बाईमाणसाला यातलं काय कळतं?

आता तसं राहिलेलं नाही म्हणावं, तर मुली शिकतात हे खरं. एमएस-सीआयटीचा कोर्स २००१ मध्ये सुरू झाला आणि तालुक्यातालुक्यांतल्या मुली माऊस धरायला शिकल्या. आपल्या मलकापुरात पद्मश्री डॉ. वि. भि. कोलते यांच्या नावाचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. म्हणजे मशीनपुढची खुर्ची मिळाली. पण खुर्चीवर बसून बोलायचं कसं, हे कोणत्याच कोर्सात शिकवत नाहीत.

आपण समजतो की काही बायका जन्मतःच धीट असतात, त्या बोलतात. बाकीच्यांनी आधी आत्मविश्वास आणावा आणि मग बोलावं. आमचं म्हणणं उलट आहे. धीर आधी येत नाही, तो बोलल्यानंतर येतो. आधी येते ती तयारी. आणि तयारी कुणालाही करता येते, भित्रीलासुद्धा. या तयारीचे तीन भाग आहेत: नेमकं विचारणं, लिहून देणं आणि सोबत धरणं. तीन खऱ्या घटनांवरून ते सांगतो.

नेमकं विचारा: कमलाबाईंचा प्रश्न

कमला भागवत हे नाव तुम्ही कदाचित ऐकलं नसेल. लेखिका दुर्गा भागवत यांची ही बहीण. लग्नानंतर त्या कमला सोहोनी झाल्या. घरात वडील आणि काका दोघंही रसायनशास्त्र शिकलेले, बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेत. कमलाबाईंनाही तिथंच जायचं होतं. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.त त्या पहिल्या आल्या आणि त्यांनी अर्ज केला.

अर्ज नामंजूर झाला. संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन. तीनच वर्षांपूर्वी, १९३० मध्ये, त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं होतं. साऱ्या देशाला ज्यांचा अभिमान, अशा माणसाने सांगितलं की मुलीला प्रवेश नाही.

आता विचार करा. बावीसच्या आसपासचं वय, परकं गाव, समोर एवढा मोठा माणूस. आपण काय केलं असतं? "नशिबात नव्हतं" म्हणून दुसरीकडे गेलो असतो. कमलाबाई बंगळूरला गेल्या आणि संचालकांपुढे उभ्या राहिल्या. मी पहिली आले आहे, मग मला नाकारण्याचं कारण काय, असं त्यांनी विचारलं. प्रवेश मिळाल्याशिवाय हलणार नाही, सत्याग्रह करीन, असंही सांगितलं.

या प्रश्नाची ताकद लक्षात घ्या. "माझ्यावर अन्याय झाला" असं म्हटलं की समोरचा वाद घालू शकतो. "कारण सांगा" म्हटलं की त्याला कारण शोधावं लागतं. आणि 'तू बाई आहेस' यापलीकडे कारण नसेल, तर ते त्याच्याच तोंडून बाहेर पडतं.

शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरणार नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंतही काम करावं लागेल. आणि प्रयोगशाळेचं वातावरण बिघडू द्यायचं नाही! म्हणजे मुलगी आली की वातावरण बिघडतं, हे आधीच धरून चाललेलं. कमलाबाईंनी अटी मान्य केल्या आणि काम केलं. दुधातली, डाळी-कडधान्यांतली प्रथिनं हा त्यांचा अभ्यासाचा विषय, आपल्या रोजच्या ताटातला. वर्षभराने रामन यांचं समाधान झालं. त्यानंतर त्या संस्थेत मुलींसाठी दार उघडलं. पुढे कमलाबाई केंब्रिजला गेल्या. वनस्पतींच्या पेशींमध्ये श्वसनाचं काम कसं चालतं, यावर त्यांनी तिथं संशोधन केलं आणि १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी होत.

एक गोष्ट मात्र त्या विसरल्या नाहीत. उतारवयात त्यांचा सत्कार झाला तेव्हाही त्यांनी मोकळेपणाने सांगितलं की रामन थोर शास्त्रज्ञ होते, पण स्त्रियांच्या बाबतीत त्यांचं मन कोतं होतं. मोठ्या माणसाचं मोठेपण मान्य करूनही त्याची चूक ही चूक असते, हे सांगता येतं. बोलणं म्हणजे अपमान करणं नव्हे, हे आपण कमलाबाईंकडून घ्यावं.

लिहून द्या: एक पोस्टकार्ड

आता त्याच संस्थेत, एक्केचाळीस वर्षांनंतर. साल १९७४. सुधा कुलकर्णी नावाची मुलगी तिथं पदव्युत्तर शिक्षण घेत होती. आज आपण त्यांना लेखिका सुधा मूर्ती म्हणून ओळखतो. कमलाबाईंनी उघडलेल्या दारातून मुली आत येऊ लागल्या होत्या, तरी आपल्या विभागात सुधाताई एकट्याच मुलगी होत्या.

एके दिवशी सूचनाफलकावर जाहिरात लागली. टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, या कंपनीला इंजिनिअर हवे होते. खाली एक ओळ होती: स्त्रियांनी अर्ज करू नये. सुधाताईंना त्या नोकरीची गरज नव्हती. परदेशी शिकायला जाण्याची त्यांची तयारी चालली होती. पण ती ओळ त्यांना सलली. त्यांनी एक पोस्टकार्ड घेतलं आणि थेट जे. आर. डी. टाटांना लिहिलं. टेल्कोचा कारभार सुमंत मुळगावकर पाहतात, हेसुद्धा त्यांना तेव्हा ठाऊक नव्हतं. टाटांनी या देशात इतके उद्योग उभे केले, शिक्षणासाठी एवढी संस्था काढली, आणि त्यांचीच कंपनी बाई म्हणून दार लावते याचं आश्चर्य वाटतं, असा त्याचा मजकूर होता.

थोड्याच दिवसांत तार आली. पुण्याला मुलाखतीला या, खर्च कंपनीचा. मुलाखतीत तांत्रिक प्रश्न विचारले गेले, त्यांची उत्तरं सुधाताईंनी दिली. मग त्यांना सांगण्यात आलं की हा कारखाना आहे, इथं आजवर बाई कामाला आलेली नाही. कुठून तरी सुरुवात करावीच लागेल, नाहीतर बाई कधीच येणार नाही, असं त्यांचं उत्तर होतं. नोकरी मिळाली, आणि टेल्कोच्या कारखान्यात काम करणारी पहिली स्त्री इंजिनिअर म्हणून त्यांचं नाव लागलं.

या गोष्टीतून आम्ही काय घेतो? लिहिण्याचे दोन फायदे. एक, लिहिताना आवाज थरथरत नाही. ज्या बाईला चारचौघांत घाम फुटतो, तिलाही पोस्टकार्ड लिहिता येतं. आज पोस्टकार्डाच्या जागी ईमेल आहे, ऑफिसच्या ग्रुपवरचा मेसेज आहे. दुसरा फायदा असा की लिहिलेलं नाकारता येत नाही. "तुम्ही आम्हाला सांगितलंच नव्हतं" असं कुणी म्हणू शकत नाही, तारीख वर असते.

आणि एक बारकावा पाहा. त्या पत्रात नुसता राग नव्हता. तुम्ही स्वतःला ज्या मोजपट्टीने मोजता, तीच इथं लावा, असं ते सांगणं होतं. समोरच्याच्या तत्त्वाने त्यालाच प्रश्न विचारला की तो टाळणं कठीण जातं.

सोबत धरा: मोबाईल परत करणाऱ्या सेविका

तुम्ही म्हणाल, त्या शिकलेल्या, शहरातल्या. आमचं काय? तर तिसरी गोष्ट आपल्या घरासमोरच्या अंगणवाडीची.

अंगणवाडीची योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. चाळीसेक वर्षं सेविकांनी रजिस्टरं भरली. मग सरकारी मोबाईल आले आणि २०२१ मध्ये 'पोषण ट्रॅकर' हे ॲप आलं. बाळाचं वजन, उंची, गरोदर बाईची नोंद, आहार, सगळं त्यात भरायचं. पण मोबाईल कमी क्षमतेचे. ते तापायचे, अडकायचे. दुरुस्तीचा खर्च सेविकेच्या माथी. त्यात ॲप इंग्रजीत. नोंद झाली नाही तर दोष कुणाचा? अशा वेळी एक ठरलेलं वाक्य असतं: "या बायांना मोबाईल जमत नाही."

सेविकांनी हे वाक्य उलटं केलं. आम्हाला जमत नाही असं नाही, वस्तूच कामाची नाही, असं त्यांनी सांगितलं. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रभर सेविकांनी ते मोबाईल कार्यालयात नेऊन परत केले. ॲप मराठीत द्या, चांगला मोबाईल द्या, ही मागणी. फेब्रुवारी २०२३ च्या संपातही नव्या मोबाईलची मागणी होतीच. आज हे ॲप मराठीसह अनेक भारतीय भाषांत चालतं.

मैत्रिणींनो, ही तंत्रज्ञानातली मोठी गोष्ट आहे. जे वापरतं त्याला दोष कळतो. मोठ्या शहरात बसून ॲप बनवणाऱ्याला जे दिसलं नाही, ते पोटाशी बाळ धरून वजनकाटा वाचणाऱ्या बाईला दिसलं. पण एकटी सेविका बोलली असती तर तिला नोटीस आली असती. सगळ्या एकदम बोलल्या तेव्हा ती बातमी झाली.

सोबत म्हणजे दरवेळी मोर्चाच नव्हे. अमेरिकेत ओबामा राष्ट्राध्यक्ष असताना त्यांच्या कार्यालयातल्या स्त्रियांनी एक साधी युक्ती केली होती. बैठकीत एकीने मुद्दा मांडला आणि कुणी लक्ष दिलं नाही, की दुसरी तोच मुद्दा पुन्हा मांडायची आणि पहिलीचं नाव घ्यायची. म्हणजे मुद्दा हवेत विरायचा नाही आणि दुसऱ्या कुणाच्या नावावरही जायचा नाही. याला ना पैसा लागतो ना परवानगी. "मघाशी सविताताई हेच म्हणाल्या", एवढं एक वाक्य आपणही म्हणू शकतो.

उद्यापासून काय करायचं?

आम्ही पहिल्यांदा रेडिओवर बोलायला बसलो तेव्हा आमच्यातल्या एकीचा आवाजच फुटेना. मग आम्ही रोज मोबाईलवर दोन मिनिटं बोलून रेकॉर्ड करायला लागलो. स्वतःचा आवाज ऐकून आधी हसू यायचं, मग सवय झाली. ऐकताना एक गोष्ट ध्यानात आली. आमचं प्रत्येक बोलणं माफीने सुरू व्हायचं. "मला फारसं कळत नाही, पण..." "चुकत असेल तर सांगा, पण..." मुद्दा येईपर्यंत ऐकणाऱ्याने तो निम्मा खोडून टाकलेला असतो. म्हणून पहिला नियम आम्ही हा केला की 'पण'च्या आधीचं वाक्य गाळायचं.

मग काय बोलायचं? चार गोष्टी, याच क्रमाने: काय दिसलं, कधी दिसलं, किती वेळा दिसलं, काय करता येईल. "सर, सोमवारपासून परत आलेल्या अर्जांपैकी अकरा मी पाहिले. त्यातल्या नऊ जणींचं आधारवरचं आणि पासबुकातलं नाव वेगळं आहे. अर्ज भरण्याआधी दोन्ही नावं तपासली तर हे थांबेल." बोलायला अर्धा मिनिट लागतो. यात कुणाला दोष दिलेला नाही आणि स्वतःला कमीही लेखलेलं नाही.

मध्येच कुणी तोडलं तर: "एवढं वाक्य पुरं करते." उत्तर येत नसेल तर: "तपासून सांगते", आणि खरंच तपासून सांगायचं. सगळं येत असेल तरच बोलावं, ही अट आपण स्वतःला घालतो. शेजारच्या खुर्चीवरचा गडी ती स्वतःला घालत नाही. तो अर्धवट माहितीवर ठाम बोलतो आणि आपण पुऱ्या माहितीवर गप्प बसतो.

एक गोष्ट लपवणार नाही. बोललं की प्रत्येक वेळी ऐकलं जातंच असं नाही. कंत्राटी नोकरी असेल, घरात एकच पगार असेल, तर भीती खरी असते. तेव्हा कुठं बोलायचं, कुठं लिहायचं, कुठं आधी दोघीतिघींना गोळा करायचं, हे ठरवण्यात कमीपणा नाही.

मात्र बोलणं जर अंगाशी येणाऱ्या सलगीबद्दल, घाणेरड्या शेऱ्यांबद्दल, छळाबद्दल असेल, तर तिथं कायदा पाठीशी आहे. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं काम करतात अशा प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असायलाच हवी. दुकान, केंद्र लहान असेल, दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार लेखी द्यायची असते आणि घटनेपासून तीन महिन्यांत. तसंच कारण असेल तर आणखी तीन महिन्यांची मुदत समिती देऊ शकते. लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणं हे समितीचंच काम आहे.

आणि आमचं बोलणं ऐकणारे भाऊ, सर, मालक जे कुणी असाल, तुम्हाला एकच विनंती. काम अडलं की मशीनपुढे बसलेल्या बाईला विचारा, "तुला काय दिसतंय?" उत्तर यायला वेळ लागला तर थांबा. एवढ्या वर्षांचं कुलूप एका मिनिटात उघडत नाही.

आता त्या मुलीचं पुढे काय झालं ते सांगून रजा घेतो. नवव्या दिवशी तिने अकरा अर्जांची यादी एका कागदावर लिहिली. आधारवरचं नाव, पासबुकातलं नाव, समोरासमोर. शेजारच्या कॉम्प्युटरवरच्या मैत्रिणीला आधी दाखवली. दोघी मिळून सरांकडे गेल्या. तिचे हात कापत होते, पण कागद टेबलावर ठेवला की हात कापतात हे दिसत नाही. टाळ्या वगैरे कुणी वाजवल्या नाहीत. सरांनी कागद वाचला, "बघतो" म्हणाले आणि चहाला गेले.

दुसऱ्या दिवशी केंद्राच्या दारावर पाटी लागली: आधार आणि पासबुकावरचं नाव सारखं आहे का ते आधी तपासून घ्या. अक्षर सरांचं होतं. रांगेत उभ्या एका म्हातारीने ती पाटी तिलाच वाचायला लावली. तिने वाचून दाखवली, म्हातारीचे दोन्ही कागद हातात घेतले, आणि नावं जुळवून पाहायला लागली.

तुम्हाला अशी कोणती चूक दिसली आहे, जी अजून सांगायची राहिली आहे? आज रात्री ती कागदावर लिहा. बाकीचं उद्या.